सजावटीचे चित्र

अहवाल चौदा पानांचा होता. त्याने केलेली, बाबांच्या चित्रांची वेबसाइट नापास झाली आहे हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलं होतं, त्यामुळे उरलेली पानं त्याने चहा पीत, टेबलाखाली पाय लांबवून, जराशा तुच्छतेनेच वाचली. अक्षरं फिकी. अक्षर आणि मागचा रंग यांतला फरक प्रमाणापेक्षा कमी. माऊस धरता येत नसेल तर पान उघडतच नाही. धुकं थांबवण्याची सोय नाही. हे त्याला कुणी सांगायला नको होतं. ते दोष नव्हतेच मुळी, तेच तर काम होतं. गाढवाला गुळाची चव काय, असं मनाशी म्हणत तो एकेक मुद्दा ओलांडत गेला आणि सदतिसाव्या मुद्द्यावर थांबला. ‘चित्रांची वर्णने चित्रांशी जुळत नाहीत. एकूण दोनशे अकरा ठिकाणी.’ आणि त्याखाली, त्याच कोरड्या कचेरीच्या भाषेत, एक जास्तीची ओळ होती : ‘तथापि ती काढून टाकू नयेत, अशी तपासणाऱ्या व्यक्तीची वैयक्तिक विनंती आहे.’ कसली वर्णनं, असं त्याच्या मनात आलं आणि ते पुरतं येण्याआधीच त्याला आठवलं. चहाचा कप त्याने अहवालावरच ठेवला. कुणीतरी ते वाचलं होतं. वाचलं म्हणजे ऐकलं होतं. अहवालाची प्रत ताईलाही गेली होती, हे त्याला त्यानंतर दिसलं.

वेबसाइटवर चित्र चढवलं की त्याच्या पाठीमागे दोन शब्दांत त्याचं वर्णन लिहायचं असतं. डोळ्यांनी बघणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. ज्यांना दिसत नाही ते कॉम्प्युटरला पान मोठ्याने वाचायला लावतात, आणि चित्रापाशी आलं की यंत्र ते दडलेलं वर्णन बोलून दाखवतं. बावीस वर्षं या धंद्यात घालवूनही त्याने हे काम कधी मनापासून केलं नव्हतं. एवढंसं काम, शिकाऊ मुलं करून टाकत. पण बाबांच्या चित्रांना दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. चित्रं दोनशे बारा. आणि चित्रं चढवायचा प्रोग्रॅम महाखट. वर्णनाची चौकट रिकामी सोडली की पुढे जाऊ देत नसे. त्याने टिंब दिलं, तर ‘किमान पंधरा अक्षरे’ असं लाल अक्षरांत उमटलं. त्याने ‘काहीतरी काहीतरी’ असं लिहिलं, ते चाललं. पहिल्या सहा चित्रांच्या मागे काहीतरी काहीतरीच होतं. सातव्यापाशी त्याचा हात थांबला आणि त्याने एक खरं वाक्य लिहिलं. का लिहिलं ते त्याला आजही सांगता आलं नसतं. इथे कुणी येणार नाही, भिंतीलासुद्धा कान नाहीत, अशी जागा आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती एवढंच. मग अकरा दुपारी तो चौकटींत लिहीत राहिला, आणि शेवटी मागे येऊन पहिल्या सहांतलं काहीतरी काहीतरीसुद्धा पुसून तिथे घरातलं लिहून ठेवलं. त्याला सोळा महिने झाले होते.

तपासणाऱ्या बाई दोन वाजता येऊन त्याच्याशेजारी बसणार होत्या. संध्याकाळी पाचपर्यंत साइट प्रमाणात बसली नाही तर बाबांच्या न्यासाला अनुदान देणारी कचेरी ती उतरवणार आणि तिच्या जागी तयार साच्यातली, पांढऱ्यावर काळी पाटी लावणार. न्यास म्हणजे खरंतर ताईच. ऑफिसच्या मालकिणीने दारातून डोकावून एवढंच विचारलं, “धुकेवाले, पाचपर्यंत होईल ना?” ऑफिसातली पोरं त्याला धुकेवाले म्हणत आणि त्याला ते आवडायचं. विम्याचे फॉर्म, दातांच्या दवाखान्याच्या वेळा, फरश्यांची दुकानं यांत बावीस वर्षं गेली होती. गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. आणि मग हे एक काम. पडदाभर पांढुरकं धुकं, त्यात जेमतेम दिसणारी राखाडी अक्षरं. तुम्ही माऊस एका जागी धरून थांबलात तर तिथलं धुकं हळूहळू विरळ होतं आणि खालून चित्र वर येतं. घाई केलीत तर मिटतं. चित्र सांगायचं नसतं, बघायचं असतं, असं बाबा म्हणायचे. बघायचं म्हणजे थांबायचं, असं त्याने त्यात आपलं घातलं होतं. त्या कामाला बक्षीस मिळालं होतं. काचेची जाड वीट, तिच्यावर त्याचं नाव. ती आता वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराला टेकवून ठेवलेली असे. आपण मेलो तर आपलं म्हणून काय उरेल, असा विचार त्याच्या मनात हल्ली फार येई, आणि दर वेळी उत्तर एकच असायचं, ते धुकं.

ते धुकंही तसं त्याचं नव्हतं. ते अठ्ठ्याऐंशीव्या चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून आलं होतं. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. शाळेतून आला तर बाबांच्या खोलीचं दार सताड उघडं. टर्पेंटाइनचा वास जिन्यापर्यंत आलेला. ईझलवर ओलं चित्र, त्याचा एक कोपरा फडक्याने फरफटून पुसलेला, आणि समोर ताई उभी, चौदा वर्षांची, हातात ओलं फडकं.  तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं, आणि मागे जिन्यात बाबांच्या चपला वाजल्या. “कुणी केलं हे?” बाबांनी विचारलं तेव्हा तो “मी” म्हणाला. का, तर ताईचं तोंड पांढरंफटक पडलं होतं म्हणून. बाबांचा हात जड होता. त्या माराचा आवाजच त्याला जास्त आठवतो, दुखणं नाही. नंतर स्वयंपाकघरात आईने त्याच्या गालावर ओल्या कापडाची घडी धरली होती, खूप वेळ, एक अक्षर न बोलता, आणि त्या कापडालाही टर्पेंटाइनचाच वास होता. पण त्या घरात भाताच्या वाफेलासुद्धा तो वास असे. बाबा दोन दिवस त्या चित्राकडे बघत बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्यावर सही केली. पुढे लोकांनी त्या कोपऱ्यावर लेख लिहिले. इथे चित्रकाराला मौन सापडलं, असं एकाने लिहिलं. बाबांनी कुणालाच काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अकरा वाजले तेव्हा त्याने सगळं पुसून टाकायचं ठरवलं. त्यात अवघड काही नव्हतं. दोन तासांचं काम, ताई किंवा बाई यायच्या आत वर्णनं नियमाप्रमाणे करून टाकायची, आणि मग काय होतं, काय नव्हतं, कुणी काही म्हणो, कानावर हात ठेवायचे. त्याने पहिली चौकट उघडली. आपलंच वाक्य वाचलं, पुसलं. आता चित्रात काय आहे ते लिहायचं. ‘पिवळं’ असं त्याने लिहिलं आणि थांबला. पिवळं काय? शेत? भिंत? पिवळ्यात दोन काळे उभे फराटे होते ते खांब की माणसं? हे चित्र दिवाणखान्यात वीस वर्षं टांगलेलं होतं, त्याच्याखाली तो जेवला होता, तापात निजला होता, आणि त्याला त्यात काय आहे ते माहीत नव्हतं. त्याने दुसरं उघडलं. तिसरं. तेच. त्याने या चित्रांवर फक्त धुकं घातलं होतं. थांबा, बघा, असं जगाला सांगताना स्वतः तो एकाही चित्रापाशी थांबला नव्हता. त्याला चित्राचा वास माहीत होता, कुठल्या आठवड्यात आई कुणाशी बोलत नव्हती ते माहीत होतं, कुठल्या रंगाच्या डब्याला लाथ लागली ते माहीत होतं. चित्र तेवढं माहीत नव्हतं. पुसलेलं वाक्य त्याने परत आणलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. आपण ना घरचे ना घाटचे, आपल्याला चित्रं काढता आली नाहीत आणि बघताही आली नाहीत, आणि हे सेहेचाळिसाव्या वर्षी कळतंय, असं काहीतरी त्याच्या डोक्यात गरगरत होतं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई चादर झटकत होती. त्याला तिचा हेवा वाटला.

बाई बरोबर दोनला आल्या. पन्नाशी ओलांडलेली, दोन्ही खांद्यांना दोन पिशव्या, हातात घडीची काठी. नवव्या वर्षी दृष्टी गेली, मग तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, ही माहिती त्यांनी खुर्ची ओढता ओढता स्वतःच देऊन टाकली, म्हणजे तुम्हाला विचारायचा त्रास नको, असं म्हणून. पोरांनी लिफ्टपासून इथपर्यंत येईतो त्यांचं नाव कानसेन ठेवलं होतं, आणि ते त्यांनी बहुतेक ऐकलंही होतं. त्यांनी लॅपटॉप उघडला. पडदा काळाच.

“हा चालू होत नाहीय,” तो म्हणाला.

“चालू आहे की. दिवा मी लावत नाही. वीज फुकट कशाला घालवायची?”

यंत्र बोलू लागलं. इतक्या वेगाने, की त्याला तो आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा वाटला. बाई मान तिरकी करून ऐकत होत्या आणि त्यांची बोटं कीबोर्डवर चालत होती. मग त्या म्हणाल्या, “तुमच्यासाठी हळू करते. डोळसांना जरा वेळ लागतो.” यंत्र हळू झालं आणि बाईचा ना पुरुषाचा अशा एका सपाट आवाजात म्हणालं, “चित्र सात. हे काढताना बाबांनी खिडक्या बंद ठेवल्या. आईला वासाने उलट्या होत. ती तीन दिवस शेजारच्यांच्या ओट्यावर स्वयंपाक करून आणत होती.” त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. आपलं वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा आवाजात ऐकलं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या घराबद्दल असल्यासारखं वाटलं. “पुढे जाऊ?” बाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्या पुढे गेल्या. “चित्र एक्केचाळीस. निळ्या रंगाच्या डब्यात माझा पाय पडला. पाऊल आठवडाभर निळं होतं. बाबांनी डबा बघितला. पाऊल बघितलं नाही.”

“पुरे,” तो म्हणाला.

बाईंनी यंत्र थांबवलं. “हे ऐकणारे आम्ही चाळीसजण आहोत,” त्या म्हणाल्या. “वर्षापूर्वी एकाला हे पान सापडलं, त्याने दुसऱ्याला सांगितलं. आमच्यात यावरनं भांडणं झालीत. एकजण म्हणतो, हा माणूस थापाड्या आहे, एवढं कुणाला आठवतं? मी म्हटलं, बाबा रे, निळं पाऊल थापेत नसतं.”

“पण तुम्ही नापास केलंत.”

“केलंच. नापासच आहे ते. माझी मैत्रीण आहे, तिला थोडं थोडं दिसतं. तिच्या डोळ्यांना तुमचं पान म्हणजे कोरा कागद. दुसऱ्या एकाच्या हाताला कंप आहे, त्याला माऊस एका जागी धरून ठेवता येत नाही. धुकं मिटतं आणि त्याला वाटतं, आपलंच चुकलं. तो पुन्हा धरतो. तासभर बसला होता एकदा.”

“तुम्ही लोक सगळं सपाट करून टाकता,” तो एकदम म्हणाला. इतकी वर्षं मीटिंगांतून गिळलेलं बाहेर आलं. “मोठी काळी अक्षरं, ठळक बटणं, सगळीकडे तेच. फरश्यांचं दुकान आणि बाबांची चित्रं यांत फरकच उरत नाही. एखादी गोष्ट अवघड असू द्यायची की नाही? थोडं थांबायला लावलं तर काय बिघडलं?”

“अवघड असू दे की. कळायला अवघड असू दे, माझी ना नाही.” बाई शांतपणे म्हणाल्या. “पण दाराला कडी घालायची, आत गाणं म्हणायचं, आणि बाहेरच्याला सांगायचं, तुझे कान वाईट. हे काही बरं नाही. आणि गंमत अशी, की मला तुमचं धुकं लागलंच नाही. ते फक्त डोळसांना. ते बिचारे पुढच्या दाराशी थांबलेत आणि मी मागच्या दाराने थेट तुमच्या स्वयंपाकघरात.”

त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. बाईंनी आता नियम सांगायला सुरुवात केली. वर्णनाच्या चौकटीत फक्त चित्रात दिसतं तेच हवं. तुमची वाक्यं तिथे चालणार नाहीत. ती ठेवायची असतील तर चित्राखाली ठेवा, उघड्यावर, वाचता येतील अशा अक्षरांत. जे मला कळतं ते डोळसांनाही कळलं पाहिजे, नियम एवढाच आहे. त्या हे पोळीला तेल लावावं इतक्या सहज सांगत होत्या. उघड्यावर. म्हणजे लेख लिहिणारे वाचणार. म्हणजे ताई वाचणार. अठ्ठ्याऐंशीच्या मागे त्याने लिहिलं होतं : ‘हा कोपरा ताईने पुसला. मार मी खाल्ला. ताईला वाटतं मी विसरलो.’ पस्तीस वर्षं हे दोघांत कधी उच्चारलं गेलं नव्हतं. ताईच्या वागण्यात त्याच्याबद्दल एक मऊ, जरा जास्तच मऊ असं काहीतरी होतं. तो ते या मौनाच्या खाती जमा धरत आला होता. ते एकदा बोललं गेलं की संपलं. आणि आईनंतर त्याला ताईखेरीज कुणी नव्हतं. ताई गेली तर आपण कुणाचेच नाही, हे इतकं उघडं त्याला आजपर्यंत कधी दिसलं नव्हतं.

“आणखी एक,” बाई म्हणाल्या. “दोनशे बारा चित्रं म्हणता. मला दोनशे अकराच ऐकू येतात. एकशे एकोणतीसनंतर एकदम एकशे एकतीस.”

“राहिलं असेल चुकून.”

“चुकून राहिलं तर यंत्र ‘चित्र’ असं तरी म्हणतं. हे काहीच म्हणत नाही. म्हणजे कुणीतरी तिथे ‘सजावटीचे चित्र’ अशी खूण केलीय. पानाची वेलबुट्टी, रेघा, ठिपके असतात ना, त्यांना करतात तशी. यात ऐकण्यासारखं काही नाही, पुढे चला, असं यंत्राला सांगणारी.” त्या थांबल्या. “आम्ही त्याला हरवलेलं चित्र म्हणतो. काय आहे तिथे?”

काय आहे ते त्याला बघायची गरज नव्हती. त्या अकरांतल्या पहिल्या आठ दुपारी आई दवाखान्यात होती. ताई तिथे बसून होती आणि तो इथे. काम संपवायचंय, उद्घाटनाची तारीख ठरलीय, असं तो ताईला फोनवर सांगे. तारीख ठरली होती हे खरं, पण चौकटी भरायला एवढ्या दुपारी लागत नाहीत, हे ताईला कुठून कळणार? तो इथे बसून आईच्या उलट्यांबद्दल लिहीत होता आणि तिकडे आईच्या तोंडात चमच्याने पाणी घालायला ताई. आठव्या दुपारी त्याच्यासमोर एकशे तिसावं चित्र आलं. बाबांनी काढलेलं आईचं एकुलतं एक चित्र. पाठमोरी, खिडकीकडे तोंड करून बसलेली. दुपारी बारापासून तो त्या चौकटीपुढे बसला आणि त्याला एक अक्षर लिहिता येईना. बाकी सगळ्या चित्रांच्या मागे आई होती. आईच्या चित्रामागे काय लिहायचं? तीन वाजून दहा मिनिटांनी ताईचा फोन आला. “बारक्या, ये रे आता.” तिच्या आवाजावरून त्याला कळलं. तो उठला, आणि प्रोग्रॅम काही चौकट सोडू देईना. किमान पंधरा अक्षरे. किमान पंधरा अक्षरे. बाजूला एक छोटा चौकोन होता, ‘सजावटीचे चित्र’. त्याने त्यावर टिचकी मारली, काम जतन झालं, आणि तो जिन्यावरून धावत सुटला. काम जतन करायला थांबला तो. पोचला तेव्हा ताई बाहेर बाकावर बसली होती आणि तिच्या मांडीवर आईचा चष्मा होता. चार दिवसांनी तो परत कामावर बसला तो एकशे एकतिसावर. मागे वळून त्या चौकोनावरची खूण काढायचं त्याला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि त्याने ऐकलं नाही.

ताई चारच्या आधीच आली. एकोणपन्नास वर्षांची, हातात अहवालाचे छापलेले कागद, त्यांवर हिरव्या शाईच्या खुणा. शाळेत शिकवायची सवय. तिने बाईंना नमस्कार करते आहे असं बोलून सांगितलं, त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि खुर्ची ओढली.

“अक्षरं काळी कर म्हणतायत तर कर की. त्यात काय एवढं जीवाला लावून घ्यायचं?” ती म्हणाली. “पण हे सदतीस नंबरचं काय आहे? काय लिहून ठेवलंयस तू? मी सकाळपासून विचार करतेय.”

त्याने बाईंच्या काळ्या पडद्याकडे बघितलं.  

“ऐकवू का?” बाईंनी विचारलं. त्याने मान हलवली.  मग बाई म्हणाल्या, “मान हलवलीत की काय? मला तोंडाने सांगायला लागतं.”

“ऐकवा,” तो म्हणाला.

यंत्र वाचत गेलं. ताई टेबलावर हात ठेवून बसली होती. सातव्याला तिने डोळे मिटले. एक्केचाळीसला ती हसली, आणि हसता हसता तिने हातातले कागद पालथे ठेवले. चाळिशी गेली, पन्नाशी गेली. यंत्राला कशाचंच सोयरसुतक नव्हतं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता आणि आकडे मोजत होता, पंचाऐंशी, शहाऐंशी, आता उठून आग लागली म्हणून ओरडावं, वीज घालवावी, काहीही करावं. “चित्र अठ्ठ्याऐंशी,” यंत्र म्हणालं. “हा कोपरा ताईने पुसला. मार मी खाल्ला. ताईला वाटतं मी विसरलो.”

ताईने हात वर केला. तो बाईंना दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाली, “थांबवा जरा.” मग त्याच्याकडे वळली. रागावलेली नव्हती. तिच्या तोंडावर काय होतं ते त्याला वाचता येईना. “बारक्या, मी नाही पुसलं ते.”

“ताई, तुझ्या हातात फडकं होतं. मी बघितलं.”

“होतं. आईच्या हातातनं काढून घेतलं होतं मी. जिन्यात पावलं वाजली, मला वाटलं बाबा आले, म्हणून तिला आत ढकललं आणि फडकं घेऊन उभी राहिले. आलास तो तू.” ताई थांबली. “त्या कोपऱ्यात आई होती. बाबांनी तिला तिथे काढली होती, भांडी घासताना, वाकलेली. मी काढलेलं बघितलं होतं. तिने स्वतःला पुसलं. म्हणाली, मला असं भिंतीवर नको.”

त्याने अहवालावरचा चहाचा कप उचलला आणि परत तिथेच ठेवला.

“मला वाटायचं तुला ठाऊक आहे,” ताई म्हणाली. “मला वाटायचं तू आईसाठी खाल्लास मार. आईलाही तेच वाटायचं रे. एवढंसं पोर आपल्यासाठी उभं राहिलं, असं ती मला कितीदा म्हणाली असेल. दवाखान्यातसुद्धा तेच. तुझंच नाव. त्याला सांगायचं राहिलंय म्हणे.”

“काय सांगायचं?”

“ते तुलाच सांगणार होती. मला नाही बोलली.”

ओल्या कापडाची घडी. गालावर धरलेली, खूप वेळ. तिला टर्पेंटाइनचा वास होता कारण ते तेच फडकं होतं, ताईच्या हातातून परत आईच्या हातात गेलेलं, धुऊन, पिळून. त्याच फडक्याने तिने आधी स्वतःला पुसलं होतं आणि नंतर त्याचा गाल. त्याला त्या दिवशी आरशात गालावर करडा डाग दिसला होता. रंग आहे, जाईल, असं आई म्हणाली होती. तो गेलाही. आणि सोळा महिन्यांपूर्वीच्या त्या दुपारी तिला काहीतरी सांगायचं होतं आणि तो चार मैलांवर एका चौकटीपुढे तिच्याविषयी काय लिहावं ते शोधत बसला होता, तिच्यापाशी जाण्याऐवजी. आणि तिच्या चित्राला, यात ऐकण्यासारखं काही नाही, अशी खूण करून आला होता. तिने एका कोपऱ्यातून स्वतःला पुसलं, आणि त्याने त्या पुसलेल्याचं धुकं करून बाबांच्या सगळ्या चित्रांवर पसरलं, बक्षीस घेतलं, ती वीट दाराला लावली. त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. ओरडला नाही. माणसं ऑफिसात ओरडत नाहीत.

“पावणेपाच झाले,” बाई हळूच म्हणाल्या. “मला घाई करायची नाही. पण पाचला मला कळवायचंय.”

त्याने स्वतःचा कॉम्प्युटर पुढे ओढला आणि धुकं बंद केलं. त्यासाठी प्रोग्रॅममधली एकच ओळ पुसावी लागली. राखाडी अक्षरं काळी केली, त्यासाठी दुसरी. पडद्यावर दोनशे बारा चित्रं एकदम उघडी पडली, बाजारात मांडल्यासारखी, एकाला एक लागून, आणि ती इतकी रंगीत होती की ताईच्या तोंडून “अगं बाई” असं निघालं. त्याने अठ्ठ्याऐंशीवं मोठं केलं. कोपऱ्यात करडे फराटे. खूप जवळ गेल्यावर फराट्यांच्या खाली एक गोल रेघ, पाठ असेल, नसेल.

“लिहिलंयस ते सगळं राहू दे,” ताई म्हणाली. “चित्रांच्या खाली उघडं लिही, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. तेवढं अठ्ठ्याऐंशीचं सुधार. ते चूक आहे.”

“आणि वर्णनांना पंधरा दिवसांची मुदत मी मागून घेते,” बाई म्हणाल्या. “देतात. पण हरवलेलं चित्र आज हवं. ते रिकामं असताना मला सही नाही करता येत.”

त्याने एकशे तिसावं उघडलं. ‘सजावटीचे चित्र’ या चौकोनावरची खूण काढली. शेजारची चौकट उघडली आणि तिच्यात रेघ लुकलुकत राहिली.

“काय दिसतं?” बाईंनी विचारलं.

“एक बाई आहे. पाठमोरी. खिडकीशी बसलीय.”

“हातात काय आहे?”

“हात दिसत नाहीत.”

“तोंड कसं आहे?”

“तोंड नाही दिसत,” तो म्हणाला. “मला तोंड नाही दिसत हो.”

बाईंनी हात पुढे केला, तो टेबलावर लागला, तिथेच त्यांनी तो ठेवला.  त्याने चौकटीत एक शब्द लिहिला. खाली लाल अक्षरं उमटली, किमान पंधरा अक्षरे. त्याने तोच शब्द पुन्हा लिहिला. पुन्हा. लाल अक्षरं हटेनात. त्याला दुसरा शब्द माहीत नव्हता. तो लिहीत गेला, सहाव्यांदा लिहिल्यावर लाल अक्षरं गेली आणि चौकट मिटली. बाईंनी आपल्या काळ्या पडद्यावर पान नव्याने उघडलं. पुन्हा वाढवलेला यंत्राचा वेग कमी करायला त्या विसरल्या होत्या, त्यामुळे तो सपाट आवाज एकशे एकोणतिसावरून घाईघाईने पुढे आला आणि साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल असा म्हणाला, “चित्र एकशे तीस. आई आई आई आई आई आई.”

मालकीण दारात आली होती, ती तिथेच उभी राहिली. बाईंनी फॉर्म उघडला. त्यांची बोटं कीबोर्डवर होती पण हलत नव्हती.

“मला दिसत नाही, म्हणून विचारावं लागतं,” त्या म्हणाल्या. “वर्णन चित्राशी जुळतं का?”

तो पडद्याकडे बघत होता. ताई उठून त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने त्याच्या गालाला हात लावला.

“जुळतं,” ती म्हणाली. “लिहा तुम्ही.”